बंबावर चढायच्या आधी

(ध्वनिमुद्रित भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

मी बुलडाणा जिल्ह्यातल्याच एका नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात काम करतो. नाव-गाव सांगत नाही, कारण आज जे बोलणार आहे त्यात काही लोकांची अडचण होईल, आणि मला उद्या ड्युटीवर जायचंय.

विषय असा की गेल्या महिन्यात एक पोरगा केंद्रावर आला. देऊळगाव राजाकडचा. बावीसेक वर्षांचा, अंगाने काटक. हातात प्लास्टिकची फाइल. म्हणे, "सर, मी फायरमनचा कोर्स केलाय, इथं जागा आहे का?" फाइल उघडली. प्रमाणपत्र एकदम झकास, सोनेरी शिक्का, वर इंग्रजीत मोठं नाव, खाली दोन सह्या. 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, एक वर्ष'. मी विचारलं, किती पैसे भरले? म्हणाला, पासष्ट हजार. विचारलं, कोर्समध्ये होज किती वेळा उलगडला? तो गप्प. बी.ए. सेट, म्हणजे धुरात शिरताना पाठीवर हवेचं सिलिंडर घेतात तो, कधी चढवलास? म्हणाला, "सर, फोटो दाखवला होता."

मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. कारण ती फाइल मी ओळखत होतो. वीस वर्षांपूर्वी तसलीच एक फाइल घेऊन मी उभा होतो.

थोडं मागून सांगतो. माझे बाबा खामगावला एका जिनमध्ये कामाला होते. खामगाव म्हटलं की आता लोक चांदी म्हणतात, पण त्याच्या आधीपासून ते कापसाचं गाव. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा इंग्रजांनी टाकला तो कापसासाठीच. सीझनला जिनच्या आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या, दुमजली घराएवढ्या. मी पाचवी-सहावीत असेन. डबा घेऊन गेलो होतो आणि गंजीला आग लागली. कापसात लोखंडाचा तुकडा किंवा गारगोटीचा दगड येतो, तो मशीनमध्ये गेला की ठिणगी उडते. ती ठिणगी कापसासोबत पुढे जाते आणि कुठंतरी दबून बसते. त्या दिवशी बंब आला, अर्धा तास पाणी मारलं, वरचं सगळं काळं ओलं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बंब गेला. रात्री दहाला तीच गंजी परत पेटली.

तिथं एक म्हातारा हमाल होता. तो ओरडत होता, "अरे बाप्पा, आत इस्तू हाय! गंजी फोडा, वरून पानी मारून काय होते?" कोणी ऐकलं नाही त्याचं. कापसाची आग आत जाते. वरून पाणी मारलं तर वरचा थर ओला होतो, घट्ट बसतो, पाणी त्याच्यावरून ओघळून जातं आणि आत धग तशीच राहते, तासन् तास. गंजी फोडावी लागते, कापूस पसरावा लागतो, विझवून परत हात लावून बघावा लागतो. त्या हमालाला हे अनुभवाने माहीत होतं. बंबावरच्या माणसांना माहीत नव्हतं, कारण त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्या काळी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचा, बांधकामाचा, जो हाताशी असेल तो माणूस बंबावर चढायचा. त्यांचा दोष म्हणत नाही मी. जीव तेही धोक्यात घालत होते.

त्या रात्री मी ठरवलं की हेच करायचं. पोरगा पायलट होईन म्हणतो तसं. पण ते डोक्यातून गेलं नाही.

बारावी झाली. जिल्ह्यातल्या एका गावात एका दुकानाच्या वर संस्थेचा बोर्ड होता. शंभर टक्के नोकरीची हमी. संस्थेचं नाव सांगत नाही, आता ती बंदही पडली आहे. फी चाळीस हजार, त्या काळचे चाळीस हजार. बाबांनी काकाकडून उसने घेतले, वर घरचा कापूस भाव पडलेला असताना विकला. एक वर्ष मी दोन खोल्यांत बसून इंग्रजी नोट्स उतरवून घेतल्या. कोपऱ्यात एक अग्निशामक सिलिंडर होतं, लाल. वर्षभरात त्याची पिन कोणी काढली नाही. काढू देत नव्हते, परत भरायला पैसे लागतात म्हणून.

मग एका महापालिकेची जाहिरात आली. अर्ज केला, पळालो, पास झालो. कागदपत्र तपासणीला टेबलासमोर उभा राहिलो. समोरच्या बाईंनी प्रमाणपत्र उलटून पाहिलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "दादा, हे नाही चालत. जाहिरात वाचली नाही का?" जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम उत्तीर्ण. मी ती ओळ वाचली होती बरं का. मला वाटलं, सहा महिन्यांचा मागतात, आपला तर एक वर्षाचा आहे, आपला भारीच असेल.

घरी येऊन बाबांना सांगायला मला चार दिवस लागले. ते एवढंच म्हणाले, "मंग आता खरा कोनता हाय थो पाय."

तर खरा कोणता, ते सांगतो. कागद-पेन घ्या, पण माझ्या आकड्यांवर विसंबू नका. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची सूचना वाचा.

आपल्या राज्यात महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे. त्यांचं राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र मुंबईत, सांताक्रूझ पूर्वेला, विद्यानगरीजवळ. तिथला अग्निशामक पाठ्यक्रम सहा महिन्यांचा. माझ्या वेळी दहावीला पन्नास टक्के, वय १८ ते २३, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६. माझी उंची १६७ भरली, दोन सेंटिमीटरने वाचलो. पदवीधरांसाठी तिथंच दुसरा कोर्स आहे, उपस्थानक अधिकारी व अग्नि प्रतिबंधक अधिकारी, तो एक वर्षाचा. बी.ए., बी.कॉम. झालेल्या पोरांना हे कोणी सांगतच नाही. ती पोरं फायरमनच्या वयातून बाहेर गेली की हात झटकून मोकळी होतात.

दुसरी जागा आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. नागपूर. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, केंद्रीय गृह मंत्रालयाचं. १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि दुसऱ्या वर्षी नागपूरला आलं. देशभरातले अधिकारी तिथं शिकायला येतात, आणि आपल्या मलकापूर-शेगावच्या पोरांना स्टेशनवर गाडीत बसलं की सहा-सात तासांत जिथं पोचता येतं ते कॉलेज माहीत नसतं! तिथं बारावी विज्ञान, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सनंतर चार वर्षांची अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी आहे. प्रवेशाची पद्धत मधेमधे बदलत आली आहे, म्हणून ती त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा, कोणा एजंटला विचारू नका. हर्षिनी कान्हेकर हे नाव काहींनी ऐकलं असेल. नागपूरच्याच. २००२ मध्ये त्या कॉलेजात प्रवेश घेणारी पहिली मुलगी. तोवर तिथं मुलगी आलीच नव्हती. पुढे त्या ओएनजीसीत अग्निशमन अधिकारी झाल्या. मुलींचे आईवडील ऐकत असतील त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतोय.

आणि मुंबई अग्निशमन दलाचं गणित वेगळं. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी ९१० जागांची भरती केली, दहिसरच्या मैदानावर. तिथं बारावी पन्नास टक्के मागितली होती, पण पुरुषांना उंची १७२. म्हणजे सांताक्रूझच्या कोर्सला जो चालतो तो तिथं मापातच बसत नाही. आमच्या भागातली पोरं रात्रभर प्रवास करून गेली आणि पट्टीखाली उभी राहून दोन मिनिटांत परत फिरली. घरी भिंतीला पाठ लावून खडूने रेघ मारली असती तर तिकिटाचे पैसे वाचले असते. भरतीत मग पळणं, उंचावरून खाली धरलेल्या जाळीत उडी, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन पळणं. या उडीत बरेच जण अडकतात. ताकद असते, पण वर गेल्यावर पाय निघत नाहीत.

आणखी एक, ज्याला चालक-यंत्रचालक म्हणतात. त्याला जड वाहनाचा परवाना लागतो. ज्याच्या घरी ट्रॅक्टर-ट्रक आहे, हात बसलेला आहे, त्याने हे दार विसरू नये. बंबाचा पंप तोच चालवतो.

हां, आणि अग्निवीर म्हणजे आमचं खातं नाही. हे सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण गेल्या दोन-तीन वर्षांत किमान दहा फोन आलेत. एका काकूंनी तर विचारलं, चार वर्षांनी तुम्हाला घरी पाठवतात का हो?

आता, त्या सहा महिन्यांत काय शिकवतात ते सांगतो, म्हणजे पासष्ट हजारांच्या फाइलीत काय नव्हतं ते कळेल.

पहिले काही आठवडे वाटतं की हे काय चाललंय. पहाटे परेड, मग होज ड्रिल. ६३ मिलिमीटरचा होज, पंधरा मीटरचा. गुंडाळायचा, फेकून उलगडायचा, जोडायचा, परत गुंडाळायचा. दिवसाला पन्नास वेळा. शिट्टी वाजली की शून्यापासून पुन्हा. मी मनात म्हणायचो, याच्यासाठी मुंबईला आलो का? मग पहिल्या खऱ्या कॉलला, रात्री दोनला, अंधारात, लोक अंगावर ओरडत असताना माझ्या हातांनी कपलिंग आपोआप बसवलं. डोकं बंद होतं, हात चालू होते. पन्नास वेळा त्यासाठी करून घेतात.

मग पाण्याचं गणित. समजा बंबात ४५०० लिटर पाणी आहे. एका नळीतून मिनिटाला ४५० लिटर सोडलं तर किती वेळ पुरेल? दहा मिनिटं. दोन नळ्या लावल्या तर पाच. लोकांना वाटतं बंब आला म्हणजे पाणी संपतच नाही. पाच मिनिटांत टाकी कोरडी झाली की तेच लोक दगड उचलतात. म्हणून गाडी थांबायच्या आधी माझं डोकं चालू असतं की पुढचं पाणी कुठून आणू. आणि इथं आपल्या जिल्ह्याची गोष्ट येते. कोर्समध्ये शिकवतात की पंप पाणी ओढत नाही. पंप फक्त नळीतली हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. त्यामुळे पुस्तकात ते दहा मीटरपर्यंत चढतं, प्रत्यक्षात सात-आठ मीटर. म्हणजे पंचवीस फूट. आता चिखली-मेहकरकडे एप्रिल-मे महिन्यात विहिरीचं पाणी कुठं असतं? चाळीस फूट, पन्नास फूट. गावकरी म्हणतात, "ही काय भरलेली विहीर, घ्या ना पाणी!" घेताच येत नाही. शेतकऱ्याची मोटर चालू करून टाकी भरावी लागते, आणि त्या वेळी लाइट असली पाहिजे. ज्याला हे कारण माहीत नाही तो विहिरीवर वीस मिनिटं पंपाशी झटत बसतो आणि तिकडं गोठा जळून जातो. मी पाहिलंय हे.

धुराच्या खोलीत सोडतात. डोळ्यांसमोर काही नाही. गुडघ्यावर चालायचं, एक हात भिंतीला, पण तळहात नाही, हाताची मागची बाजू. का? उघडी वायर लागली तर झटक्याने मूठ आवळते. तळहात लावला असेल तर वायर मुठीत येते आणि सुटत नाही. मागची बाजू लावली असेल तर हात आपोआप दूर जातो. एवढीशी गोष्ट. मला ती शिकवणाऱ्या उस्तादांनी एकदाच सांगितली, आणि मेहकर रोडच्या एका दुकानात ती कामाला आली. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

आणि एक दिवस वर्गात १४ एप्रिल १९४४ शिकवला. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. दुपारी आग दिसली, चारच्या सुमारास जहाज फुटलं. अग्निशमन दलाची ६६ माणसं त्यात गेली. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. जहाजावर सोनं होतं, आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. जहाजात आणखी काय होतं? कापूस. कराचीत चढवलेल्या हजारो गाठी, आणि त्याच भागात स्फोटकं. कापूस आत धुमसत राहिला, वरून पाणी मारत राहिले, आग नेमकी कुठं आहे ते सापडेना.

मी बाकावर बसलो होतो आणि मला खामगावचा तो म्हातारा आठवला. आत इस्तू हाय. त्या दिवशी वसतिगृहाच्या जिन्यावर बसून मी बराच वेळ रडलो. मित्रांना वाटलं घरची आठवण आली.

आता समृद्धीबद्दल. हा जिल्हा म्हटलं की लोक तेच विचारतात. १ जुलै २०२३, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. मी त्या कॉलवर नव्हतो, म्हणून तिथं काय झालं हे अधिकाराने सांगणार नाही. पण दाराची बाजू खाली गेली होती आणि जे वाचले ते काच फोडून निघाले, एवढं सगळ्यांना माहीत आहे. डिझेल आणि आतलं फोम, रेक्झिन, पडदे पेटल्यावर हातात दोन-तीन मिनिटं असतात. जगातला कुठला बंब दोन-तीन मिनिटांत हायवेवर पोचतो? त्यानंतर मी शाळा-कॉलेजात जातो तेव्हा सिलिंडर नंतर दाखवतो. आधी विचारतो, परवा ट्रॅव्हल्सने आलात ना, तुमच्या सीटजवळची आपत्कालीन खिडकी कोणती होती? हातोडी कुठं होती? आजपर्यंत फक्त एका मुलीने बरोबर सांगितलं. तिचे वडील ड्रायव्हर होते.

हेही आमच्या शिक्षणातच येतं, फक्त पाणी मारणं नव्हे. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, डिसेंबर २००८ पासून लागू. इमारतीच्या मालकाने यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची आणि परवानाधारक संस्थेकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, प्रमाणपत्र द्यायचं. कागदावर हे छान आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा सगळ्यांना फायर ऑडिट हा शब्द कळला. तेव्हापासून हॉस्पिटलं, मॉल, कारखाने यांना शिकलेली माणसं लागतात. म्हणून मी असं म्हणणार नाही की सरकारी सोडून सगळे कोर्स बोगस. कारखान्यात सेफ्टीचं काम वेगळं, त्याची पात्रता वेगळी, आणि काही खासगी संस्था त्यासाठी बऱ्यापैकी शिकवतातही. पण त्या कोर्सवर फायरमन होता येईल असं कोणी सांगत असेल तर त्याला एकच म्हणा: ज्या भरतीत हे चाललं ती जाहिरात दाखवा. छापील. तो चहा मागवेल, विषय बदलेल. उठून या.

पैशाचं खरं सांगतो. छोट्या नगरपरिषदांत बरीच पोरं कंत्राटी आहेत. मीही कितीतरी वर्षं होतो. पगार दोन-दोन महिने उशिरा. बूट स्वतःचे. २०२३ मध्ये नगरपरिषद राज्यसेवेच्या भरतीत अग्निशमनाच्या जागा निघाल्या तेव्हा बरं वाटलं, पण अशी जाहिरात रोज येत नाही. कोर्स केला की लगेच नोकरी, असं मी कोणाला सांगत नाही. माझ्यासोबतचे काही जण आज किराणा दुकान चालवतात. उत्तम फायरमन होते.

देऊळगाव राजाच्या त्या पोराचं राहिलं. त्याला मी खुर्ची दिली, चहा दिला. उंची मोजली, १६९. वय बावीस पूर्ण, म्हणजे सांताक्रूझसाठी हाताशी एकच वर्ष. पासष्ट हजार परत मिळण्यासारखे नाहीत, तरी पावती आहे तर ग्राहक मंचात तक्रार कर म्हटलं. तो म्हणाला, "सर, बाबाले कसं सांगू?" मी म्हटलं, मला चार दिवस लागले होते, तू आज संध्याकाळी सांग.

सांगितलं त्याने. रात्री त्याच्या वडिलांचा फोन आला, पंधरा मिनिटं ते संस्थेला शिव्या घालत होते, मी ऐकून घेतलं. आता तो दर रविवारी सकाळी सहाच्या आधी येतो. आमच्या आवारात एक जुना, दोन ठिकाणी ठिगळ लावलेला होज आहे, ड्युटीवरून काढून टाकलेला. तोच त्याला दिलाय. परवा त्याने बावीस वेळा उलगडला आणि गुंडाळला. हाताला फोड आले म्हणून दाखवत होता.

प्रश्न असतील तर या भागाखाली लिहा, जमेल तशी उत्तरं देईन. उंची आणि जन्मतारीख आधी लिहा, म्हणजे माझा वेळ वाचेल.